जॉबची कड कुठे आहे

मिलिंग मशीनच्या स्पिंडलला जॉब कुठे बसवला आहे हे माहीत नसते. टेबल डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे किती सरकले, एवढेच हँडलवरची डायल सांगते. कुठून सरकले हे तिला ठाऊक नसते. ड्रॉइंग मात्र कडेची भाषा बोलते: डाव्या कडेपासून २५, पुढच्या कडेपासून ४०, तिथे १० मिलिमीटरचे भोक. या दोन भाषांची गाठ घालून द्यायची, म्हणजे स्पिंडलचा अक्ष जॉबच्या कडेपासून नेमका किती दूर आहे हे ठरवायचे. कारागीर याला टच घेणे किंवा झिरो घेणे म्हणतात. काम पाच मिनिटांचे असते, पण त्यातली चूक पुढच्या प्रत्येक भोकात सारखीच उतरते. सगळी भोके एकाच बाजूला सारख्याच अंतराने सरकतात, त्यामुळे भोकांमधले अंतर मोजले तर ते बरोबरच येते. जॉब बाकावर निर्दोष दिसतो आणि चूक जाग्यावर बसवतानाच उघडी पडते.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटसारख्या जिल्ह्यात या पाच मिनिटांना जास्त मोल आहे. बालाघाट शहराला लागून असलेली मॉयल या सरकारी कंपनीची भरवेलीची खाण ही आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण मानली जाते; जिल्ह्याच्या पूर्वेकडे मलाजखंडला हिंदुस्तान कॉपरची तांब्याची मोठी खाण आहे. खाणींच्या मुलखात मशीनवर येणारे काम बहुतेक दुरुस्तीचे असते: पंपाचा ब्रॅकेट, कन्व्हेयरच्या बेअरिंगचे घर, कपलिंग, मोडलेल्या शाफ्टच्या जागी नवा शाफ्ट. पुण्याजवळच्या वाहन कारखान्यात एक फिक्श्चर बनते, त्याची कड एकदा शोधली की पुढचे हजारो नग तिथेच येऊन टेकतात. दुरुस्तीच्या कामात प्रत्येक जॉब एकुलता एक असतो, त्याची कड दर वेळी नव्याने शोधावी लागते आणि बिघडला तर बदली दुसरा नग नसतो. म्हणून कड शोधण्याचे कसब मोठ्या कारखान्यापेक्षा अशा छोट्या शॉपमध्येच अधिक कसोटीला लागते.

सर्वांत जुनी रीत कागदाची. स्पिंडलमध्ये माहीत व्यासाची ग्राइंड केलेली पिन धरायची, पिन आणि जॉब यांच्यामध्ये पातळ कागदाची पट्टी हलवत ठेवायची आणि टेबल हळूहळू पुढे आणायचे. पट्टी अडकली की पिनेचा पृष्ठभाग कडेपासून कागदाच्या जाडीइतका दूर आहे. सिगारेटचा कागद साधारण ०.०२ ते ०.०३ मिलिमीटरचा असतो, वहीच्या किंवा प्रिंटरच्या पानाची जाडी ०.१ च्या आसपास भरते. म्हणून कोणता कागद वापरला हे मायक्रोमीटरने एकदा मोजून ठेवावे. विड्या वळणाऱ्या या पट्ट्यात सिगारेटचा कागद सहज हाताशी नसतो आणि तेंदूपत्ता शिरांमुळे कुठेच एकसारख्या जाडीचा नसतो, तेव्हा पतंगाचा पातळ कागद चालतो. फिरत्या कटरवर कागद धरून टच घेण्याची सवय मात्र सोडावी. बोटाला धोका आहेच, शिवाय कटरचा कोणता दात सर्वांत बाहेर आहे हे त्या क्षणी सांगता येत नाही. पिन स्थिर असावी आणि पट्टी हातभर लांब असावी.

कागदापेक्षा भरवशाचे साधन म्हणजे एज फाइंडर. दोन तुकड्यांचा दंडगोल, आत स्प्रिंग. वरचा तुकडा कोलेटमध्ये, म्हणजे स्पिंडलच्या पकडीत, आवळलेला, खालचे टोक स्प्रिंगच्या ओढीने वरच्याला चिकटलेले, पण बाजूला सरकू शकणारे. टोक बोटाने थोडे बाजूला ढकलायचे आणि स्पिंडल मिनिटाला सहाशे ते हजार फेऱ्यांवर सोडायचा. टोक डोलू लागते. जॉब जवळ आला की प्रत्येक फेरीत टोकाचा बाहेरचा भाग कडेला एकदा आपटतो, दर वेळी थोडा आत ढकलला जातो आणि डोलणे कमी होत जाते. शेवटी टोक इतके स्थिर फिरते की ते फिरते आहे हेही डोळ्याला कळत नाही. यानंतर आणखी शतांश मिलिमीटरभर पुढे गेले की टोक कडेला फेरीभर चिकटून राहते, घर्षण त्याला कडेच्या लांबीच्या दिशेने ओढते आणि ते एकदम बाजूला उडी घेते. ती उडी म्हणजेच निरोप: स्पिंडलचा अक्ष कडेपासून टोकाच्या अर्ध्या व्यासावर आला आहे.

या साधनाची खरी हुशारी क्वचितच सांगितली जाते. टोक कोलेटशी बांधलेले नसते, कडेच्या ठोक्यांनी ते स्पिंडलच्या फिरण्याच्या अक्षाभोवती स्वतःच केंद्रात येते. त्यामुळे कोलेट जुना असेल, दोन-तीन शतांशांचा रनआउट, म्हणजे अक्षाबाहेर डोलणे, असेल, तरी उत्तर फारसे बिघडत नाही. दिवा लागणारा किंवा आवाज करणारा इलेक्ट्रॉनिक फाइंडर स्थिर धरून वापरला जातो आणि कोलेटचा सगळा रनआउट त्याच्या उत्तरात उतरतो. शिवाय विजेची वाट पूर्ण होण्यासाठी जॉब धातूचा लागतो. नायलॉनच्या बुशवर तो मुकाच राहतो. जुन्या मशीनवर साधा स्प्रिंगचा फाइंडर अधिक प्रामाणिक ठरतो. फक्त त्याला फार वेगात फिरवू नये. उडी जोरात बसली की स्प्रिंग ताणली जाते आणि नंतरची प्रत्येक उडी उशिरा येते.

उडी मिळाली की हिशेब. स्पिंडल वर उचलायचा, टेबल टोकाच्या अर्ध्या व्यासाइतके पुढे सरकवायचे आणि तिथे डायल शून्यावर आणायची. दहाचे टोक असेल तर पाच मिलिमीटर. इथे एक जुना सापळा दडलेला आहे. १९५६च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली, पण खाणींच्या भागातल्या कपाटांत इंचाची हत्यारे अजून आहेत आणि बोलण्यात सूत आहे. आठ सूत म्हणजे एक इंच. अमेरिकी घडणीच्या एज फाइंडरचे टोक ०.२०० इंचाचे असते, म्हणजे ५.०८ मिलिमीटर. घाईत ते पाचचे धरले तर अर्ध्या व्यासात ०.०४ मिलिमीटरची चूक होते. १० मिलिमीटरच्या एच-सेव्हन (H7) प्रतीच्या भोकाला सगळी मिळून ०.०१५ ची सूट असते. अशा भोकात डॉवेल पिन बसवायची असेल तेव्हा ०.०४ चे सरकणे म्हणजे पिन बसणारच नाही. फाइंडर कपाटातून काढला की टोक मायक्रोमीटरने मोजण्याला पर्याय नाही.

डायलवर काम करणाऱ्या मशीनमध्ये दुसरा शत्रू बॅकलॅश. लीड स्क्रू आणि नट यांच्यातल्या झिजेमुळे हँडल उलट फिरवले की आधी मोकळे फिरते आणि मग टेबल हलते. वर्षानुवर्षे वापरलेल्या मशीनवर हे अंतर पाव-अर्धा मिलिमीटर असणे नवलाचे नाही. झीज स्क्रूच्या मधल्या भागात जास्त असते, म्हणून टेबल कुठे उभे आहे यावरही हा आकडा बदलतो. नियम एकच: ज्या दिशेने कड गाठली त्याच दिशेने प्रत्येक मापावर यावे. पुढे गेले तर चांगले एक-दोन फेरे मागे जाऊन पुन्हा त्याच दिशेने यावे. डीआरओ, म्हणजे सरकणे आकड्यात दाखवणारा डिजिटल रीडआउट, बसवलेला असेल तर काचेची पट्टी थेट टेबलाचे सरकणे वाचते आणि बॅकलॅश आकड्यात येत नाही. पण टेबलाचा लॉक आवळताना ते एखाद-दोन शतांश सरकते. म्हणून कडेचा आकडा लॉक आवळल्यावर वाचायचा असेल तर भोकाचाही लॉक आवळल्यावरच वाचावा.

एका बाजूने टच घेण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी घेणे नेहमी चांगले. समजा ८० मिलिमीटर रुंदीची पट्टी आहे आणि फाइंडरचे टोक १० चे आहे. डावीकडच्या उडीला डीआरओ शून्यावर, उजवीकडच्या उडीला आकडा ९०.०२. अर्धा केला की ४५.०१, हा पट्टीचा मध्य. या हिशेबात टोकाचा व्यास येतच नाही; दोन्ही बाजूंना तो सारखाच असल्याने आपोआप कटतो. उडी थोडी उशिरा येत असेल तर तीही चूक दोन्हीकडे सारखी येते आणि मध्य बिघडत नाही. याच आकड्यातून आणखी एक तपासणी फुकट मिळते: ९०.०२ मधून १० वजा केले की ८०.०२ उरतात. मायक्रोमीटरही पट्टीला ८०.०२ म्हणत असेल तर कड सापडली. दोघांत तफावत असेल तर कडेला बुरूर (कापताना उरलेली धातूची बारीक धार) आहे, किंवा फाइंडरचे माप चुकले आहे, किंवा जॉब तिरपा बसला आहे. कटर लावण्याआधी ते शोधावे.

तिरपा बसलेला जॉब मोठी फसवणूक करतो. फाइंडर एका बिंदूला स्पर्श करतो आणि त्या बिंदूबद्दल खरेच सांगतो. कड टेबलाच्या चालीला समांतर नसेल तर शंभर मिलिमीटर पुढे हेच उत्तर वेगळे येईल. म्हणून व्हाइसच्या पक्क्या जबड्यावर डायल गेज फिरवून तो आधी सरळ केलेला हवा, शंभर मिलिमीटरमध्ये काटा एका शतांशाच्या आत राहिला पाहिजे, आणि लांब जॉबवर टच दोन ठिकाणी घ्यावा. स्पर्शाची जागाही महत्त्वाची: अगदी वरच्या काठावर बुरूर किंवा चॅम्फर असतो, म्हणून काठाखाली तीन-चार मिलिमीटरवर टेकावे आणि त्याआधी कडेवरून फाइल व चिंधी दोन्ही फिरवून घ्यावी. बुरूर ०.१ मिलिमीटरची असली तरी फाइंडरच्या दृष्टीने तीच कड असते.

गोल शाफ्टला कडच नसते, पण काम तेच. ५० मिलिमीटरच्या शाफ्टवर १४ रुंदीचा आणि ५.५ खोलीचा कीवे (चावीची खाच) पाडायचा तर कीवे शाफ्टच्या मध्यरेषेवरच बसला पाहिजे, नाहीतर कपलिंग चढत नाही. फाइंडरचे टोक शाफ्टच्या सर्वांत रुंद भागावर, म्हणजे माथ्यापासून २५ मिलिमीटर खाली, यावे लागते. त्याच्या वर टेकवले तर शाफ्टचा उतार टोकाला खोटे अंतर देतो. दोन्ही बाजूंनी टच, अर्धा हिशेब, आणि मध्य मिळतो.

खाणीच्या कामाचा कठीण भाग ओतीव नगांचा. मँगनीजच्या मुलखात मँगनीजच्याच पोलादाशी गाठ पडते. रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये शोधलेले हे पोलाद, सुमारे १२ ते १४ टक्के मँगनीज असलेले, जॉ क्रशरच्या प्लेटांसाठी वापरतात. ठोके बसतील तसा त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो. ते चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे डायल गेजचा चुंबकी स्टँड त्यावर उभा राहत नाही, क्लॅम्पने बांधावा लागतो. आणि अशा नगाची कड साच्यातून आलेली असते. साच्यातून नग मोकळा निघावा म्हणून बाजूंना उतार दिलेला असतो. एक अंशाचा उतार ५० मिलिमीटर उंचीत जवळजवळ ०.९ मिलिमीटर भरतो. मग कड कोणती, वरची की खालची? शतांश ओळखणारा एज फाइंडर इथे अचूक उत्तर देतो, पण प्रश्नच चुकलेला असतो.

अशा वेळी कड शोधायची नसते, करायची असते. सरफेस प्लेटवर नग टेकवून, मोरचुदाच्या पाण्याचा हात फिरवून (पोलादावर त्याने तांब्याचा पातळ थर बसतो आणि रेघ उठून दिसते), हाइट गेजने चारी बाजूंची सरासरी मध्यरेषा आखायची. कोणत्या बाजूला माल कमी आहे हे तिथेच कळते. त्या रेषेवरून नग मशीनवर बांधायचा आणि सोयीच्या जागी एक लहानसा पट्टा मिल करून सपाट करायचा. इथून पुढची सगळी मापे त्या पट्ट्यावरून. ओतीव बाजूवर पुन्हा टच घेण्याचा मोह होतो, कारण ती मोठी आणि जवळ असते. तो टाळावाच लागतो. हे कड तयार करणे कारागिराच्या निवाड्यावर अवलंबून असते आणि म्हणूनच या सगळ्या कामातले ते सर्वांत मोलाचे आहे.

ड्रॉइंग नसलेल्या दुरुस्तीत निवाडा आणखी लागतो. बेअरिंगचे घर झिजले की भोक लांबट होते, आणि झीज नेहमी एका बाजूला जास्त असते. डायल टेस्ट इंडिकेटर स्पिंडलमध्ये धरून हाताने फिरवला तर लांबट भोकाचा मध्य सहज मिळतो, पण तो मूळ मध्य नसतो, तो झिजेच्या बाजूला सरकलेला असतो. तिथे नवे बूश बसवले तर शाफ्ट तिरपा राहतो आणि नवी बेअरिंग लवकर जाते. बेअरिंग जिथे पोहोचत नाही तो भोकाच्या तोंडाजवळचा अरुंद काठ बहुधा न झिजलेला असतो. इंडिकेटर तिथे फिरवावा. तोही गेला असेल तर डॉवेलची भोके किंवा पायाची मशीन केलेली बाजू यांवरून मूळ मध्य उभा करावा लागतो.

उन्हाळ्यात उष्णतेचा हिशेबही धरावा लागतो. मापांचे मान २० अंशांचे, आणि मे महिन्यात बालाघाटचा पारा चाळिशीच्या वर असतो. जॉब, मशीन आणि मायक्रोमीटर तिन्ही पोलादाचे आणि सारखेच तापलेले असतील तर फारसे अडत नाही. अडते ते जॉब एकटा तापल्यावर. ३०० मिलिमीटरचे पोलाद दहा अंशांनी तापले की सुमारे ०.०३५ मिलिमीटर वाढते. भरड मिलिंग उरकून लगेच भोकांना हात घातला तर सकाळी घेतलेली कड आता तिथे नसते. नग थंड होऊ द्यावा आणि टच पुन्हा घ्यावा.

शेवटचे भोक झाले की कटर काढून एज फाइंडर परत लावावा आणि पहिल्या कडेवर पुन्हा यावे. उडी शून्यावर आली तर जॉब सुटला नाही, लॉक सरकला नाही आणि डायल कुणी हलवली नाही. शून्यावर आली नाही तरी जॉब अजून टेबलावर आहे, किती आणि कोणत्या बाजूला सरकला हे मोजता येते आणि काही भोके अजून सावरता येतात. ही तपासणी होईपर्यंत व्हाइसचे हँडल सैल करू नये.