तेरेखोलच्या काठची कोल्हेकुई

सावंतवाडीहून गोव्याच्या वाटेला लागले की इन्सुलीचा घाट ओलांडून गाडी बांद्याला येते. अंतर जेमतेम १२ किलोमीटर. पुढे पत्रादेवीला गोव्याची हद्द लागते. आदिलशाहीत या गावाला आदिलाबाद म्हणत आणि तेरेखोल नदीतून इथवर व्यापार चाले. आता महामार्गावरून भरधाव जाणाऱ्याला बांदा म्हणजे एक पूल आणि चार दुकाने वाटतात. पण शेतकरी बंधु-भगिनींनो, आठवडा बाजाराच्या दिवशी इथे उतरा. डोंगरातली काजू, केळी, कुळीथ, चवळी, सुकी मासळी आणि गोव्याची गिऱ्हाइके, सगळे एका रस्त्यावर भेटते.

गेल्या माघात कलिंगडाचे मळे पाहण्यासाठी मी बांद्याजवळच्या एका वाडीत मुक्कामाला होतो. भात निघाल्यावर नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत इथे कलिंगड, भुईमूग, मिरची छान येते. तिन्हीसांज झाली, वहिनींनी तुळशीपुढे दिवा लावला आणि समोरच्या डोंगरातून पहिली कोल्हेकुई उठली. एक ओरडला, मग दुसरा, मग नदीपलीकडूनही साद आली. वाडीतली कुत्री भुंकून भुंकून दमली.

यजमान ओटीवरून उठले. त्यांच्या हातात मोटारसायकलच्या क्लचची जुनी वायर होती.

“सायबानू, ह्या कोल्ह्यान माझी पाच कोंबडी नेल्यान. आज फास लावतंय.”

आतून वहिनी म्हणाल्या, “ह्यांका किती सांगला, खुराड्याचो मागचो चिरो सुटलो हा. दिवाळीपासून सांगतंय.”

ओटीवर सुपारी कातरीत बसलेले यजमानांचे वडील मान वर न करता बोलले, “एक मारलस तर दुसरो येतलो.”

मी त्या रात्री फास लावू दिला नाही. यजमान थोडे रागावले. “बंदूक नाय, फास नाय, मगे कोल्ह्याची पूजा करू काय?” असे म्हणून ते जेवायला बसले. त्यांचा राग मला समजतो. पाच गावठी कोंबड्या म्हणजे वहिनींच्या हातातला सगळा पैसा होता.

शिकारीची हौस आपल्याकडे जुनीच. कापणी झाली की हाकारे घेऊन माणसे रानात शिरत, आणि पिकाच्या राखणीसाठी म्हणून कित्येक घरांत ठासणीची बंदूक असे. साहेब लोक तर विलायतेहून कुत्री आणून उटीच्या माळावर घोडे उधळीत कोल्ह्यामागे धावत, कारण तिकडचे खोकड त्यांना इकडे मिळत नव्हते! १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच यादीत गेला आहे. फास लावणाऱ्याला तुरुंगाची वाट मोकळी आहे. शिवाय फासाला जनावर ओळखता येत नाही. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्या अडकल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्यात नव्या नाहीत.

पण मी फास अडवला तो केवळ कायद्यासाठी नव्हे. त्याला एक जुनी गोष्ट आहे आणि ती मला सांगितलीच पाहिजे.

१९९६ साल असेल. दापोलीहून बी.एस्सी. ॲग्री होऊन मी नोकरीत नवीन होतो. भातावरच्या गादमाशीसाठी आम्ही तेव्हा दाणेदार फोरेट सांगत असू. (या औषधावर २०२० अखेरपासून देशात बंदी आहे.) एका शेतकऱ्याने डबी हातात घेऊन विचारले, “सायबानू, ह्या कोल्ह्याक चलात काय?” मी हसलो. नको म्हणालो नाही. चार दिवसांनी त्या घरी गेलो, तर त्यांची दोन्ही कुत्री विहिरीजवळ मरून पडली होती. फणसाखाली पाच-सहा कावळे पडले होते आणि त्यांचा लहानगा नातू ते कावळे काठीने उलटे करीत खेळत होता. मी त्याला उचलून न्हाणीघरात नेले आणि त्याचे हात साबणाने तीनतीनदा धुतले. घरात कोणी मला काही बोलले नाही. रात्री डोंगरात कोल्हा नेहमीसारखाच ओरडला.

हा एकट्या कोकणाचा अनुभव नाही. अमेरिकेत कोल्ह्याचा एक भाऊबंद आहे, त्याला कायोटी म्हणतात. तो मेंढ्या नेतो म्हणून १९१५ पासून तिथल्या सरकारने पगारी शिकारी ठेवले, सापळे लावले, विष पेरले. लाखो कायोटी मारले. १९७२ साली, म्हणजे आपला कायदा झाला त्याच वर्षी, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनीवर त्यांच्यासाठी विष घालणे बंद केले. एवढे मारून झाले काय? पश्चिमेच्या माळावरचे हे जनावर पसरत पसरत थेट न्यूयॉर्क शहरात पोहोचले! जोडीची हद्द रिकामी झाली की शेजारची तरुण जोडी तिथे येते. आपला कोल्हाही असाच जोडीने हद्द धरून राहतो. म्हाताऱ्यांनी सुपारी कातरताना सांगितले ते हेच.

सकाळी आम्ही तिघे खुराड्यामागे गेलो. सुटलेल्या चिऱ्याच्या जागी चार बोटांची फट होती. त्यातून कोल्हा जाणार कसा? आत रक्त होते आणि कोपऱ्यात मान चावलेली तलंग टाकलेली होती. हे काम मुंगसाचे दिसत होते. कोल्हा सहसा कोंबडी उचलून लांब नेतो. पेरूच्या फांदीवर बाहेर झोपणाऱ्या दोन कोंबड्या मात्र त्यानेच नेल्या असाव्यात, कारण पाणंदीच्या मऊ मातीत कुत्र्यापेक्षा अरुंद, लांबट पाऊल उमटले होते आणि पुढे पिसे पडली होती.

पाणंदीने तसेच पुढे गेलो तेव्हा खरे कारण सापडले. नदीच्या उतारावर कोणीतरी कोंबडीच्या दुकानातली आतडी आणि पिसे पोती भरून टाकली होती. तिथे कुत्र्यांच्या आणि कोल्ह्यांच्या पावलांचा नुसता चिखल झाला होता. रोज आयते जेवण मिळाल्यावर तो वाडीत येणारच. डोंगरातले रान तोडून रबर आणि अननस लावले गेले, त्यानेही तो खाली सरकला असावा, असे मला वाटते.

त्याच्या पोटाचाही विचार करा. उंदीर, घुशी, कुर्ल्या, मेलेली जनावरे, पडलेले काजूचे बोंडू, सारे तो खातो. भुईमुगाच्या बांधावर एक घूस जे नुकसान करते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

दुपारी चिरा सिमेंटने बसवला. जाळी फूटभर जमिनीत गाडून वर दगड दाबले आणि पेरूवरच्या कोंबड्या काठीने हुसकून आत घातल्या. पोत्यांबद्दल यजमान ग्रामपंचायतीत सांगून आले.

एक सांगायचे राहिले. कोल्हा भरदिवसा वाडीत शिरून अंगावर येऊ लागला, तर त्याला पिसाळलेला समजा. जवळ जाऊ नका, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. चावा किंवा ओरखडा लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस घ्या. हळद, चुना, मंत्र यांत वेळ घालवू नका. आपल्या कुत्र्यांनाही दरवर्षी लस टोचा.

चैत्रात पुन्हा बांद्याला गेलो. त्या दिवसापासून कोंबडी गेली नव्हती आणि रवणीवर बसलेल्या एका कोंबडीखाली अकरा पिल्ले निघाली होती. कलिंगडांचे मात्र माझे काही चालले नाही. कोल्हा काकडीला राजी म्हणतात, तो कलिंगडालाही तितकाच राजी. गवताने झाकलेली फळेसुद्धा त्याने हुंगून काढली आणि वीसेक फोडली. आता यजमान रात्री मळ्यातल्या मांगरात झोपतात आणि अधूनमधून उठून रिकामा डबा वाजवतात. “तो थंय ओरडता, मी हंय वाजयतंय,” असे हसून सांगत त्यांनी त्यातलेच एक बिनफोडलेले कलिंगड माझ्यासाठी कापले.