बी निजवून लावावं

३ जून
रोहिणी कोरड्याच चालल्या. दुपारी कुरखेड्याच्या रस्त्यावर माणूस दिसत नाही. सती नदीच्या पात्रात रेतीच रेती.
हे तेंदूपानांच्या फळीचा हिशेब आटोपून मालेवाड्याकडून आले. सत्तर-सत्तर पानांची पुडकी मोजून डोळे लाल. थैलीत टेंभरं, तेंदूची फळं. सुट्टीत नागपूरहून आलेल्या गुड्डीने पहिल्यांदाच खाल्ली. एक कच्चं निघालं, तोंड वाकडं. बिया मी धुऊन ठेवल्या. चपट्या, तपकिरी, चकचकीत.

४ जून
तेंदूच्या बिया पिशव्यांत लावल्या. उंच पिशव्या घेतल्या, याचं सोटमूळ आधी खाली धावतं. हे हसले. "तेंदू कोणी लावते का? तो मुळातून येतेच." खरं आहे. झुडपांची खुटकटाई, म्हणजे छाटणी, झाली की मुळांना धुमारे फुटतात, त्यांचंच कोवळं पान बिडीला जातं. झुडपावर फळाची पाळीच येत नाही. फळं मोठ्या झाडांची. ती अस्वल खातं आणि बी जंगलभर टाकतं.
मला बी उगवताना बघायचं आहे, एवढंच.

७ जून
मृग लागला. ढगाचा पत्ता नाही.
घरामागच्या सांदवाडीत मांडवाची जागा केली. लवकी, कारली, दोडका. कारल्याच्या बिया रात्रभर भिजवल्या तरी टणक.
गुड्डी लवकीचं एकेक बी पिशवीत टोक खाली करून उभं खुपसत होती. शेजारची आजी कुंपणापाशी उभी. "उभं कायले लावतेस वो? निजव त्याले." का, ते तिला सांगता येईना. "आमी असंच लावतो." गुड्डीने थोडी निजवली, थोडी हट्टाने उभीच ठेवली. उभ्या पिशव्यांना लाल चिंधी बांधली. प्रयोग म्हणे.

१० जून
रात्रभर लाइन नाही. अंगणात खाटा.

१३ जून
लवकी वर आली. निजवलेल्यांची दोन्ही दलं मोकळी, हिरवीगार. लाल चिंधीवाल्या बऱ्याच जणी डोक्यावर टरफल घेऊनच उभ्या. गुड्डी खूश. "काकू, टोपी बघ!"
मला ती टोपी आवडली नाही. वरची माती भुसभुशीत, ऊन कडक. टरफल वाळून घट्ट बसतं. दलं आत कोंडून राहिली तर उजेड नाही, अन्न नाही.

१४ जून
गुड्डीने सकाळी टोपी ओढली. टरफलासोबत अर्धं दल हातात आलं. रडली नाही. गप्प झाली. दिवसभर त्या पिशवीकडे फिरकली नाही.
रोप मरत नाही इतक्याने. मागे पडेल.

१५ जून
बीएस्सीची वही माळ्यावरून काढली. वाळवीने कोपरे खाल्लेत, वेलवर्गाचं पान शाबूत.
डार्विनने हे बघून ठेवलंय. मुलगा फ्रान्सिसला हाताशी घेऊन लिहिलेलं वनस्पतींच्या हालचालींवरचं पुस्तक, १८८० चं. भोपळावर्गाच्या रोपाला, मूळ आणि दांडा जुळतात तिथे, खालच्या अंगाने एक टाच फुटते. ती टरफलाच्या खालच्या फाळीवर रुतते आणि धरून ठेवते. वरून दांडा कमान करून ताणतो. फाळ्या उघडतात, दलं सुटून बाहेर, टरफल मातीतच.
बी आडवं असेल तर टाच नेमकी फाळीवर बसते. उभं असेल तर चुकते.
आजीला वाचून दाखवलं. "मंग मी काय मनत होती?"

१५ जून, रात्री
एक निजवलेलं बी हलक्या हाताने उकरून गुड्डीला दाखवलं. भिंगातून. टाच स्पष्ट दिसली, फिकट, टरफलाच्या काठात अडकवलेली. जोडा काढताना एका पायाने दुसऱ्याची टाच दाबतो, तसंच. गुड्डी बराच वेळ भिंग सोडेना.
पुन्हा पुरून ठेवलं.

१६ जून
टोपीवाल्यांचा दवाखाना. गवताच्या काडीने टरफलावर पाण्याचा थेंब. वर स्टीलचा पेला उपडा, पिशवीच्या काठावर टेकवून. रात्रभर तसंच. गुड्डीला थुंकी लावायची होती. लाव म्हटलं, ओलच ती.

१७ जून
सकाळी टरफल मऊ. बाभळीच्या काट्याचं टोक शिवणीत घातलं, अगदी थोडं फिरवलं. ओढायचं नाही, फक्त उघडायचं. दोन फाळ्या आपोआप अलग.
पण काम संपलं नव्हतं. आत एक पातळ, करडी त्वचा दलांच्या टोकांना चिकटून. खरी अडचण तीच. टरफल गेलं की आपण सुटलो म्हणतो, आणि ही वाळून पुन्हा चिमटा घेते. तिला हात लावला नाही. पुन्हा थेंब, पुन्हा पेला.

१८ जून
त्वचा सुटली. दलं पिवळट, कडेला चुरगळलेली. संध्याकाळपर्यंत जराशी हिरवी.
दोन पिशव्यांतल्यांचं काही झालं नाही. दांडा गळ्याशी काळा पडला. फेकल्या. पाणी जास्त झालं असावं.

१९ जून
कारलं वर येतंय. सगळी निजवलेली होती, तरी एक टोपी घेऊन आलंच. फार वर लावलं गेलं असणार. डोक्यावर मातीचं वजन नसेल तर टाचेने किती धरून ठेवावं?

२० जून
पावसाचं नाव नाही. पऱ्हे टाकून बसलेत सगळे. बांधावरून येणारा प्रत्येक जण आधी आभाळाकडे बघतो, मग बोलतो.
धानाचं एक बरं. टरफल मातीतच ठेवून कोंब वर येतो. टोपीची भानगड नाही. पाण्याची आहे.

२२ जून
आर्द्रा. पहाटे धो धो. छपराच्या कौलातून तीन जागी गळलं. कोणी तक्रार केली नाही.
गुड्डीने विचारलं, खाली-वर असं रोपाला कळतं कसं? वजनाने, म्हटलं. १९९८ मध्ये डिस्कव्हरी यानातून काकडीचं बी वर नेलं होतं. जपानी शास्त्रज्ञांचा प्रयोग. त्याच फेरीत सत्त्याहत्तर वर्षांचे जॉन ग्लेन पुन्हा अंतराळात गेले. तिथे वजन नाही. रोपांना टाच एका अंगाला नाही, दोन्ही अंगांना फुटली. म्हणजे टाच दोन्हीकडे यायचीच असते, जमिनीवर वरच्या बाजूची दबून राहते.
"मग तिथे टोपी लवकर निघते?" मला सांगता आलं नाही. चांगला प्रश्न.

२४ जून
गुड्डी नागपूरला गेली. शाळा. वडशापर्यंत हे सोडायला. अर्ध्या दलाची लवकी सोबत हवी होती, बसमध्ये चेंगरेल म्हणून ठेवून घेतली. जाताना तिच्या पिशवीला आणखी एक चिंधी बांधून गेली.

२७ जून
अर्ध्या दलाच्या लवकीला पहिलं खरं पान. इतरांना तिसरं आलंय.

३० जून
पुन्हा उघाड. उकाडा.

५ जुलै
लवकी मांडवाखाली खड्ड्यांत लावली. बांबू कमी पडले. आजीने दोन दिले, परत मागणार आहे, आधीच सांगून ठेवलं.

९ जुलै
तेंदू! एका पिशवीत मातीतून दांड्याची कमान. जाडसर, काळपट. बी अजून खालीच.

१३ जुलै
कमान सरळ झाली. बी डोक्यावर. लवकीची टोपी परवडली. तेंदूचं बी दगडासारखं.
हात शिवशिवतो. नाही लावणार. लवकीचं अन्न दलांतच भरलेलं असतं, बाहेर आली की काम सुरू. तेंदूचं अन्न दलांभोवती, बियाच्या त्या कडक गरात. दलं आत राहून ते चोखत असतात. आत्ता काढलं तर उपाशी काढल्यासारखं.

१५ जुलै
गुड्डीचा फोन. पहिला प्रश्न, "टोपी?" आहे म्हटलं. "थेंब टाकलास?" पाऊसच टाकतोय म्हटलं. "काटा लावू नको हं काकू."
मला शिकवते!

१८ जुलै
आणखी एक तेंदू वर. याची कमान सरळ होताना मान मोडली, बी दलांसकट गळून पडलं. दांडा नुसता उभा. कोणीही हात लावला नव्हता.
यांना सांगितलं. म्हणाले, "जंगलात असंच होत असन. म्हणून त मुळातून येते." हसले नाहीत यावेळी.

२१ जुलै
पहिल्याचं टरफल तडकलं. फटीतून हिरवं दिसतं, पण गर अजून शिल्लक आहे. पेला ठेवला नाही. पिशव्या छपराखालून काढून उघड्या पावसात ठेवल्या.
बकरीच्या भीतीने भोवती काटेरी फांद्या. लवकीला पहिले तणावे आले, त्यांनी बांबू धरला.
रोवणीला बाया मिळाल्या. उद्यापासून बांधीत. भाकरी पहाटे चारला टाकायच्या, आजीला पिशव्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं आहे. ती हात लावेल अशी भीती वाटत होती. म्हणाली, "मी कायले लावू? मले का काम नाई?"