फक्त दाखवायला

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने कायद्याच्या वाटेला जाऊ नये, असे आमचे वडीलधारे म्हणतात. पण वसतिगृहातला माझा खोलीसोबती कायद्याचा विद्यार्थी आहे आणि परीक्षा जवळ आली की तो मोठ्याने वाचतो. त्यामुळे तुकोबांचे अभंग आणि ‘खून’ व ‘सदोष मनुष्यवध’ यांतला फरक हे दोन्ही माझ्या कानांवर एकाच वेळी पडत असतात. अशाच एका रात्री त्याने एका अपिलाची हकीगत वाचून दाखविली. ती अजून माझ्या मनातून जात नाही.

पंजाबातली ही घटना. तारीख 13 जुलै 1955, वेळ रात्री आठच्या सुमाराची. काही माणसांची गाठ पडली आणि हातघाई झाली. त्यात एकवीस-बावीस वर्षांच्या एका तरुणाने समोरच्याच्या पोटात भाला खुपसला. वार एकच. जखम दोन इंच लांब, अर्धा इंच रुंद. पण आतडी बाहेर आली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला तो माणूस गेला.

सत्र न्यायाधीशांनी निकालात नमूद केले, की त्या तरुणाला जीव घ्यायचा असावा असे वाटत नाही. अविचाराने, मूर्खपणाने त्याने जोराचा वार केला. तरीही कलम 302 खाली तो खुनी ठरला! उच्च न्यायालयानेही मानले, की भेट योगायोगाची होती आणि सारे अचानक घडले. तरी शिक्षा कायम राहिली. मग तो सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे प्रश्न एवढाच होता, की हा गुन्हा नेमका कोणता?

त्याच्या वकिलांचे म्हणणे साधे होते. मरण ओढवेल एवढी मोठी जखम करण्याचा त्याचा हेतू होता, हे सिद्ध झालेले नाही. ऐकताना मला ते पटले. साहित्याचे विद्यार्थी आपण. माणसाच्या मनात काय होते, हे आधी पाहायचे, अशी आपली शिकवण.

11 मार्च 1958 रोजी न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल दिला. हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्यांनी प्रश्नाचे दोन तुकडे केले. जी जखम झाली, तीच करायची होती का? की हात चुकला, धक्का लागला, घाव भलतीकडे बसला? हा हेतूचा प्रश्न. ती जखम सामान्यतः मरण येण्यास पुरेशी होती का? हे मात्र डॉक्टरांच्या साक्षीवरून ठरायचे. आरोपीला ते ठाऊक होते की नाही, याला महत्त्व नाही. अशा जखमा करीत हिंडण्याचा आणि वर ‘मी खुनी नव्हे’ म्हणण्याचा परवाना कुणालाच नाही, असा त्यांचा आशय. अपील फेटाळले गेले.

आता हे सारे इथे का सांगतो आहे? आमच्या वर्गातला एक मित्र गेल्या गॅदरिंगपासून खिशात चाकू बाळगतो. सायकल स्टँडवर कुणाशी तरी बाचाबाची झाली होती, तेव्हापासून. विचारले तर हसून म्हणतो, “अरे, मारायचंय कुणाला? फक्त दाखवायला ठेवलाय!”

कायदा निर्दय आहे असे मी म्हणणार नाही. पूर्वयोजना नसताना, अचानक पेटलेल्या भांडणात, रागाच्या भरात, गैरफायदा न घेता वा क्रूरपणा न करता मृत्यू घडला, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. पहिला हात कुणी उगारला, यालाही तिथे महत्त्व नाही. 1860 च्या दंड संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. कलम 300 चे 101 झाले, पण हा अपवाद तसाच राहिला. मात्र हेतू ठरवताना न्यायालय हेही पाहते, की हत्यार जागेवर हाती लागले की घरून आणले होते. 2006 च्या एका निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा गोष्टींची यादीच दिली आहे. म्हणजे ‘दाखवायला’ ठेवलेला चाकू उद्या आपल्याच विरुद्ध साक्ष देणार!

मित्राला हे सारे मी कँटीनमध्ये सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. नेहमी टाळणारा, पण त्या दिवशी चहाचे पैसे त्यानेच दिले. चाकू अजून खिशात आहे का, हे मी विचारले नाही.

त्या पंजाबी तरुणाचे नाव आज कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. निवाडाच त्याच्या नावाने ओळखला जातो. ज्याच्या पोटात भाला गेला, त्याचे नाव माझ्या खोलीसोबत्यालाही आठवले नाही. रात्री आठपासून दुसऱ्या संध्याकाळी पाचपर्यंत एकवीस तास तो जगला. एवढ्या वेळात राग केव्हाच ओसरला असेल, दोघांचाही.