पुढच्या वर्षीचे गडी

बेंगळुरूत बन्नेरघट्टा रोडवरच्या आमच्या सोसायटीत दर पावसाळ्यात मुलांची फुटबॉल लीग होते. सहा संघ, पाच-पाच जणांचे सामने, शेजारचं भाड्याचं टर्फ. एकदा संघात घेतलेला मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याच संघात राहतो. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी नव्यानं वयात बसलेली आणि नव्यानं राहायला आलेली मुलं क्लब हाऊसमध्ये जमतात आणि सहा कप्तान पाळीपाळीनं त्यांना उचलतात. मुलं याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. आम्ही कोल्हापूरला, शिवाजी पेठेत, याला गडी वाटून घेणं म्हणायचो. आमच्याकडे पहिली पाळी कुणाची हे छापा-काट्यावर ठरायचं. इथे गेल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाला पहिली पाळी मिळते.

या वर्षी पहिली पाळी माझ्या मुलाच्या संघाची होती. तो सतरा वर्षांचा, कप्तान, आणि हा त्याचा शेवटचा मोसम. नव्या मुलांत मडगावहून आलेला एक पोरगा असा होता, की त्याला कोण घेणार यावरच लीगचा निकाल ठरेल असं सगळे म्हणत होते. ड्राफ्टच्या दोन दिवस आधी दुसऱ्या एका कप्तानानं प्रस्ताव ठेवला : तुमची पहिली पाळी आम्हाला द्या, आमची या वर्षीची शेवटची पाळी घ्या आणि पुढच्या वर्षीच्या आमच्या पहिल्या दोन्ही पाळ्या तुमच्या.

“आई, काय करू?” त्यानं विचारलं.

मी लगेच म्हणाले, “हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.” आपल्याकडे या प्रश्नाला हे उत्तर तयारच असतं. वाण्याच्या दुकानातली पाटीही तेच सांगते, आज रोख उद्या उधार.

पण पोरगं हल्लीचं. त्यानं अमेरिकेतलं उदाहरण काढलं. तिथलं फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचं, हातात घेऊन पळायचं. पण नव्या खेळाडूंची पाळीपाळीनं वाटणी ही पद्धत तिथे मुरलेली आहे, आणि या वर्षीची पाळी देऊन पुढच्या वर्षीची घेणं हा तिथला रोजचा व्यवहार. १२ ऑक्टोबर १९८९ ला डॅलस काउबॉइज या संघानं आपला सर्वांत मोठा खेळाडू, हर्शेल वॉकर, मिनेसोटा वायकिंग्जला देऊन टाकला. बदल्यात काही खेळाडू घेतले आणि मुख्य म्हणजे पुढच्या वर्षांच्या पाळ्यांची थप्पी. त्या मोसमात डॅलसनं सोळापैकी एकच सामना जिंकला. पण त्याच पाळ्यांच्या जोरावर पुढे एमिट स्मिथसारखे गडी आले आणि १९९२, १९९३ आणि १९९५ च्या मोसमांचं अजिंक्यपद डॅलसकडे गेलं.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघांनी तर या सौद्यांचा हिशेब मांडला आहे. यातल्या थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आज दुसऱ्या फेरीतली पाळी हवी असेल, तर पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली द्यावी लागते, असा तिथला रिवाज. त्यांनी काढलं, की हे वर्षाला १३६ टक्के व्याजानं पैसे उचलण्यासारखं आहे. एवढ्या व्याजाला आपल्याकडचा सावकारही लाजेल. म्हणजे ज्याला थांबता येतं त्यानं थांबावं. घाई असणाऱ्यांच्या जिवावर त्याचं भलं होतं.

हे ऐकताना मला फुटबॉल नाही, चीटी आठवली. चीटी म्हणजे आपली लिलावाची भिशी. इथे बेंगळुरूत घरोघरी असते. मी एका नोंदणीकृत चीट कंपनीकडे वीस जणांच्या गटात आहे. दरमहा प्रत्येकी पंचवीस हजार, म्हणजे महिन्याला पाच लाखांचा गल्ला. ज्याला पैशांची गरज असते तो बोली लावतो, की मी इतके सोडायला तयार आहे. सर्वांत जास्त सोडणारा गल्ला उचलतो. सोडलेल्या रकमेतून पाच टक्के कंपनीचे, उरलेले सगळ्यांत वाटले जातात. आठव्या महिन्यात एकानं नव्वद हजार सोडून चार लाख दहा हजार उचलले, तेव्हा आम्हा प्रत्येकाच्या वाट्याला सव्वातीन हजार आले. शेवटच्या महिन्यापर्यंत थांबणाऱ्याला पावणेपाच लाख मिळतात. मी शेवटपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. वडिलांनीही कोल्हापूरच्या भिशीत आयुष्यभर शेवटचा नंबर घेतला होता. घाई असणाऱ्यांच्या जिवावर भलं होणाऱ्यांतली मीही एक होते, आणि त्याचा मला जरा अभिमानच होता.

त्या रात्री मुलाशी बोलून झाल्यावर मी नेहमीप्रमाणे कोल्हापूरला फोन केला. आई शहात्तर वर्षांची. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन डॉक्टरांनी जानेवारीतच सुचवलं होतं. “एवढी काय घाई हाय? पुढच्या वर्षी बघू की,” ती म्हणाली होती. आणि मी, खरं सांगायचं तर, ते पटकन मान्य केलं होतं. तिनं दिलेली मुदत माझ्या चीटीच्या शेवटच्या महिन्याशी अगदी जुळत होती. त्या रात्री फोन शेजारच्या काकूंनी उचलला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “आता अंबाबाईला जाणं बंदच केलंय त्यांनी. दोन महिने झाले.”

पेठेतून देवळापर्यंत आई दर शुक्रवारी चालत जायची. मला वाटत होतं, ती अजून जाते.

दुसऱ्या दिवशी मुलाला मी म्हणाले, “तुझ्या त्या हिशेबात एक गोष्ट राहिली. पुढचं वर्ष कुणाचं, हे त्यात नाही.”

मग आम्ही दोघं बसलो. डॅलसला थांबता आलं, कारण मालक नुकताच आलेला होता, प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांचं ते पहिलंच वर्ष होतं, आणि मालकानं त्यांना वेळ दिला. ज्या प्रशिक्षकाची नोकरी याच मोसमावर टांगलेली असते, तो पुढच्या वर्षीच्या पाळ्या जपून काय करणार? त्या वापरायला दुसराच कुणी येईल. १३६ टक्क्यांचं व्याज वेडेपणातून येतं तसंच भीतीतूनही येत असावं.

दुसरी गोष्ट, पुढची वाटणी होणार हे तरी नक्की हवं. इथे आम्हाला घरचंच उदाहरण होतं. इंडियन सुपर लीगमध्येही भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट होत असे. बेंगळुरू एफसी २०१७ मध्ये या लीगमध्ये आली, त्या वर्षी २३ जुलैला मुंबईत ड्राफ्ट झाला, आणि तो शेवटचा ठरला. पुढे क्लब थेट करार करू लागले. त्या दिवशी कुणी ‘पुढच्या वर्षीच्या दोन पाळ्या’ घेऊन घरी गेला असता, तर त्याच्या हातात नुसता कागद राहिला असता. बेंगळुरूनं मात्र त्या ड्राफ्टमधून मुंबईचा राहुल भेके घेतला. १७ मार्च २०१९ ला, मुंबईतच, गोव्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात जादा वेळेच्या ११७ व्या मिनिटाला त्यानं कॉर्नरवर डोकं लावून एकमेव गोल केला. तेव्हा माझा मुलगा सोफ्यावरून पडला होता.

“म्हणजे सौदा करू नको?” त्यानं विचारलं.

“तू नसशील पुढच्या वर्षी. पण संघ असेल का?”

तो बराच वेळ गप्प होता. त्याच्या संघात बाकीचे चौघे तेरा-चौदा वर्षांचे. मडगावचा पोरगा घेतला, तर या वर्षी चषक मिळेल आणि त्याच्या हातात कप्तान म्हणून एक फोटो राहील. सौदा केला, तर ही मुलं पुढच्या वर्षापासून तीन-चार वर्षं चांगल्या संघात खेळतील. थांबल्याचा फायदा त्याला नव्हता, त्यांना होता.

त्यानं सौदा केला. आधी सोसायटीच्या समितीकडून लेखी घेतलं, की पुढच्या वर्षी लीग झाली नाही, तर या पाळ्या जेव्हा होईल तेव्हाच्या धराव्यात. हे मला सुचलं नसतं.

मी उलटं केलं. त्या महिन्याच्या लिलावात पंच्याऐंशी हजार सोडले आणि गल्ला उचलला. शेवटपर्यंत थांबले असते तर साठ हजार जास्त मिळाले असते. हिशेबानं तो तोटाच. पण संघाचं पुढचं वर्ष चौदा वर्षांच्या पोरांकडे सोपवता येतं. आईचं पुढचं वर्ष कुणाकडेच सोपवता येत नाही. हातचं सोडू नये ही म्हण बहुधा अशा माणसांसाठीच आहे, ज्यांच्याकडे हातचंच उरलं आहे.

“अगं, कशाला एवढं नुकसान केलंस? तुझ्या बाबांनी कधी असं केलं नसतं,” आई फोनवर म्हणाली. मग थोडं थांबून, “कितव्या तारखेला म्हणालीस?”

जुलैत दोन्ही गुडघे झाले. लीगमध्ये मुलाचा संघ सहांत पाचवा आला. मडगावच्या पोरानं त्यांच्याविरुद्धच तीन गोल केले, आणि त्या रात्री चिरंजीव न जेवता झोपले. मी काही बोलले नाही.

हल्ली संध्याकाळी तो कॉलेजच्या फॉर्मांतून डोकं काढून खाली जातो. सी ब्लॉकमधला एक मुलगा पार्किंगच्या भिंतीवर एकटाच चेंडू मारत असतो, डाव्या पायानं. त्याचं वय अजून लीगमध्ये बसत नाही, पुढच्या मे महिन्यात बसेल. आपल्यानंतर कप्तान होणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला शेजारी उभं करून माझा मुलगा त्याच्याकडे बघत उभा राहतो. दोघं काय बोलतात, ते वर गॅलरीत ऐकू येत नाही.