मामांचा पगार आणि गावाची घरपट्टी

माझा पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेत जमा होतो. कधी आठ-दहा दिवस पुढं जातो, पण होतो. माझ्याच टेबलासमोर स्टुलावर बसणाऱ्या शिपाईमामांचा पगार कधी आणि किती होणार, हे मात्र गावानं घरपट्टी भरली की नाही यावर ठरतं. आम्ही दोघं एकाच कार्यालयात, एकाच गावासाठी राबतो. त्यांची नोकरी माझ्यापेक्षा जुनी आणि कामाचे तास जास्त. तरी माझ्या घरात महिन्याचा किराणा रोखीनं येतो आणि त्यांच्या घरात वहीवर.

मी ग्रामसेवक. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं नाव दिलं, पण गावात मी अजून भाऊसाहेबच आहे. माझं घर पेडगावचं, परभणीहून मनमाडकडं जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं. नोकरी याच भागातल्या एका लहान गावात. त्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण हेच हाल मी आजूबाजूच्या कितीतरी गावांत पाहतो.

पेडगावात आमच्या गल्लीत एका बाजूला रेल्वेचे गँगमन राहायचे आणि दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायतीचे शिपाई. दोघंही शाळा अर्धवट सोडलेले, दोघांचंही अंगमेहनतीचं काम. एक रूळ सांभाळायचा, दुसरा गावाचं पाणी. १९९७ साली पाचवा वेतन आयोग लागू झाला आणि गँगमनच्या घरी फरकाची रक्कम आली. त्यांनी पत्र्याच्या जागी स्लॅब टाकला. शिपायाच्या घरी त्या वर्षीही लेकरांना शाळेचा गणवेश दिवाळीनंतरच मिळाला. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेन. दोघंही सरकारी म्हणवले जातात, मग असं का, हा प्रश्न मी वडिलांना विचारला होता. ते म्हणाले, “त्याचा पगार दिल्लीहून येतो, याचा आपल्या गल्लीतून.” पुढं ग्रामसेवक झालो आणि या वाक्याचा हिशेब नमुन्यानमुन्यांत मांडणं हेच माझं काम झालं.

मामांचं काम काय, हे एकदा नीट सांगायला हवं. शेतीच्या फिडरवर लाईट रात्रीची असेल तर रात्री दोनला विहिरीवर जाऊन मोटार चालू करायची. टाकी भरली की जंतुनाशक टीसीएल पावडर टाकायची. उजाडायच्या आत गल्लीनिहाय वाल फिरवायचे. वरच्या आळीला पाणी चढत नाही, म्हणून खालचा वाल अर्धाच ठेवायचा. याचं गणित कुठल्याही नकाशात नाही, ते मामांच्या मनगटात आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलंय का, हे पाहायला ओटी टेस्ट घ्यायची. नऊ वाजता कार्यालय उघडून झाडायचं. पथदिवा गेला तर शिडी, नाली तुंबली तर खोरं. ग्रामसभेची दवंडी तेच देतात, लसीकरणाच्या दिवशी घरोघरी सांगायलाही तेच जातात आणि निवडणुकीत मतदान केंद्राच्या खोल्या तेच धुतात. मयत झाली तर स्मशानभूमीत पाण्याचा टँकर लावायलाही मामाच. पदाचं नाव शिपाई.

आता पगाराचं बघा. ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांना किमान वेतन लागू आहे. १० ऑगस्ट २०२० च्या अधिसूचनेनं परिमंडळ तीनमध्ये, म्हणजे आमच्यासारख्या लहान गावांत, अकुशल कर्मचाऱ्याचं मूळ वेतन महिना ११,६२५ रुपये ठरलं. लोकसंख्या पाच हजारांच्या आत असेल तर या वेतनासाठी राज्य सरकार शंभर टक्के अनुदान देतं. त्याहून मोठ्या गावाला ७५ टक्के आणि दहा हजारांच्या वर ५० टक्के. इथवर ऐकलं की वाटतं, लहान गावाचा प्रश्न मिटला. पण २८ एप्रिल २०२० च्या शासन निर्णयानं हे अनुदान करवसुलीला बांधलं. वसुली नव्वद टक्क्यांच्या वर असेल तरच पूर्ण हिस्सा. खाली आली की त्या प्रमाणात कात्री. कापलेली रक्कम, राहणीमान भत्ता आणि भविष्य निर्वाह निधीतला वाटा ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातून भरायचा. स्वतःचं उत्पन्न म्हणजे काय, तर तीच घरपट्टी, पाणीपट्टी आणि दिवाबत्ती कर. वसुली कमी झाली म्हणून अनुदान कमी झालं, आणि ती तूट ज्या पेटीतून भरायची ती पेटी वसुली कमी झाली म्हणूनच रिकामी. शिवाय उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांहून जास्त रक्कम कर्मचाऱ्यांवर खर्च करता येत नाही.

आणि ही वसुली करायची कोणी? मामांनी. मी कर मागणीची नमुना ९ ची वही आणि नमुना १० चं पावतीपुस्तक घेतो, मामा पुढं होऊन कडी वाजवतात. ज्या दारात पहाटे त्यांनी पाणी पोचवलं, त्याच दारात दुपारी आपल्याच पगारासाठी हात पसरायचा. हे मला कधी सहन झालं नाही. एका घरी म्हातारीनं ओसरीवर तुरीची डाळ भरडता भरडता सांगितलं, “भाऊसाहेब, सोयाबीन इकलं की पैलं तुमचंच देते.” मामा मला तिथून बाहेर घेऊन आले आणि म्हणाले, “तिला नका मागू. तिच्या घरी मीच उसनं देयलोय.”

२०२४ साल तर कोणालाच विसरता येणार नाही. १ आणि २ सप्टेंबरला परभणी-हिंगोलीकडं जो पाऊस झाला त्यात उभं सोयाबीन पाण्यात गेलं. जे वाचलं त्याला दिवाळीत बाजारात चार हजारांच्या आसपास भाव होता, हमीभाव ४,८९२ असताना. त्या हंगामात कुणाच्या दारात पावतीपुस्तक घेऊन उभं राहायचं? कागदावर वसुलीची टक्केवारी घसरली ती गावानं कर बुडवला म्हणून नव्हे. शेतीवर जगणाऱ्या गावात घरपट्टी ही ढगांवर अवलंबून असते, आणि आपण त्या ढगांना एका माणसाचा पगार बांधून ठेवला आहे.

मला सगळ्यात जास्त छळतं ते ग्रामपंचायतीचं दुसरं पासबुक. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा थेट गावाच्या खात्यात येतो. महाराष्ट्रात त्यातला ८० टक्के हिस्सा ग्रामपंचायतींना, उरलेला पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला, अशी वाटणी आहे. त्यात ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच. ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेनुसार. पण पगार आणि आस्थापना खर्च त्यातून करता येत नाही. मी आराखडा करतो, ई-ग्रामस्वराजवर चढवतो, सरपंचताईंची आणि माझी डिजिटल सही लावतो आणि त्या पैशातून नवी मोटार घेतो, पाइपलाइन टाकतो, टाकीला रंग देतो. त्याच खात्यात रक्कम शिल्लक असताना, ती मोटार चालू करणाऱ्याला मी चार महिने ‘थांबा’ म्हणतो. पैसा पाण्यासाठीच आहे आणि मामाही पाण्यासाठीच आहेत.

नियमामागचा विचार मला कळतो. गावं सगळा निधी पगारात उडवतील, आपल्या माणसांची भरती करतील, ही भीती खोटी नाही. मी तशी गावं पाहिली आहेत. पण भरतीवर आधीच आकृतिबंधाचं बंधन आहे. लोकसंख्येनुसार जेवढी पदं मंजूर, तेवढ्यांनाच अनुदान. जलजीवन मिशन आलं, माणशी ५५ लिटर पाण्याचं उद्दिष्ट ठरलं, नळजोडण्या वाढल्या. पद एकही वाढलं नाही. आता मामा दुप्पट वाल फिरवतात.

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, १४ ते २० मार्च. मीही संपावर होतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनं निवृत्तिवेतन नाही आणि मी त्यातलाच. मागणी रास्त होती, आजही आहे. पण त्या आठवड्यात मराठवाड्यात गारपीट झाली, गहू आडवा झाला, आणि पंचनाम्याला माणूस मिळेना. गावातल्या लोकांचे फोन येत. कार्यालयाला कुलूप, शाळेला कुलूप. पाणी मात्र रोज आलं. मामांना कुठलीच पेन्शन नव्हती, ना जुनी ना नवी; त्यांच्यासाठी त्या संपात एकही मागणी नव्हती. मी त्यांना म्हटलं, तुम्हीही दोन दिवस बंद ठेवायचं होतं. ते म्हणाले, “लेकरं तान्ही हाईत गावात. पानी कसं बंद करावं?” त्याच वर्षी डिसेंबरात ग्रामपंचायतीचे कर्मचारी, संगणक परिचालक, सरपंच आणि आम्ही ग्रामसेवक असे सगळे तीन दिवस कामबंद आंदोलनात उतरलो, तेव्हा मामांनी दुपारची झाडलोट बंद ठेवली. मोटार चालूच होती.

संगणक परिचालकांचं दुःखही असंच. गावाच्या निधीतून महिन्याला १२,३३१ रुपये ‘आपले सरकार सेवा केंद्रा’साठी वळते व्हायचे आणि दाखले काढून देणाऱ्या पोराच्या हाती ६,९३० पडायचे. आशाताई, अंगणवाडीताई यांना तर पगार म्हणतच नाहीत, मानधन म्हणतात. गावात सरकार म्हणून जे काही दिसतं, ते बहुतेक याच माणसांच्या रूपानं दिसतं.

गेल्या वर्षी मी करवसुलीच्या वहीची मांडणी बदलली. घर क्रमांकानुसार असलेली थकबाकी रकमेनुसार लावली, मोठी रक्कम वर. चित्र पालटलं. वरच्या ओळींत म्हातारी नव्हती, कोरडवाहूवालेही नव्हते. रस्त्यावरचे गाळे होते, एक मोबाईल टॉवर होता, आणि दरमहा पगार घेणाऱ्यांची चांगली बांधलेली घरं होती. टॉवरवर कर लावता येतो हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्येच स्पष्ट केलं आहे. मी नोटीस काढली, पुन्हा काढली, आणि काही रक्कम आली. पगारदारांच्या घरी मामांना न नेता एकटा गेलो. “तुमचा पगार माझ्यासारखाच वेळेवर होतो, मामांचा होत नाही,” एवढंच बोललो. बहुतेकांनी भरलं. मार्चअखेर मामांची थकलेली बरीचशी रक्कम चुकती झाली. १ एप्रिलला नव्या वर्षाची मागणी लागली आणि टक्केवारी पुन्हा शून्यापासून सुरू झाली.

पुढच्या ग्रामसभेत बचतगटातल्या एका बाईंनी उभं राहून विचारलं, “मोटारीला पैसे हाईत आन् मोटार चालवणाऱ्याला न्हाईत, हे कोणी ठरवलं?” सरपंचताईंनी माझ्याकडं पाहिलं. मी दोन्ही पासबुकं वाचून दाखवली, रकमेसकट. तिथंच ठराव झाला: मंजूर आकृतिबंधातल्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचं वेतन हा पाणीपुरवठ्याचाच खर्च धरावा, ते बंधित निधीतून देण्याची मुभा असावी, आणि अतिवृष्टी जाहीर झालेल्या वर्षी वसुलीची अट शिथिल करावी. मी तो प्रोसिडिंगला घेतला, सूचक-अनुमोदकांच्या सह्या घेतल्या आणि वर पाठवला. उत्तर आलेलं नाही. दर मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर मी तो पुन्हा घेतो, आणि आता शेजारच्या दोन ग्रामपंचायतींनीही तसाच ठराव केला आहे.