एकावर थांबता आलं पाहिजे : छंद, हव्यास आणि आमचे कोळी



'माझा आवडता छंद' हा निबंध आपण दरवर्षी मुलांकडून लिहून घेतो. त्यातली वाक्यंही ठरलेली असतात. छंदामुळे वेळेचा सदुपयोग होतो, मन प्रसन्न राहते, ज्ञानात भर पडते. मी स्वतः हे मुद्दे फळ्यावर लिहून दिले आहेत. पण छंदाचा हव्यास कधी होतो, हा मुद्दा मी कधीच लिहून दिला नव्हता. तो मला शिकवला माझ्या मावसभावाने आणि त्याच्या कोळ्यांनी. आणि त्याच चुकीच्या वाटेवर मी माझा अख्खा वर्ग कसा नेला होता, तेही आज तुम्हाला सांगणार आहे.

पहिला पाहुणा

आमचा दादा अमेरिकेत, टेक्सासमध्ये असतो. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच्या मुलीला कुत्रा हवा होता, पण त्यांच्या इमारतीत कुत्रा पाळायला बंदी. एका रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. "ओळख बघू, आमच्याकडे नवीन कोण आलंय?" मला वाटलं ससा वगैरे असेल. बघते तर काय, काचेच्या पेटीत तळहाताएवढा केसाळ कोळी! काळा रंग आणि पायांच्या सांध्यांवर नारिंगी पट्टे. मी फोन हातभर लांब धरला. शेजारी बसलेली मावशी म्हणाली, "अरे देवा, आधी ते बाहेर टाक!"

तो होता टॅरँटुला. मेक्सिकोतला, 'रेड नी' म्हणजे लाल गुडघ्यांचा. टॅरँटुला हे एकाच कोळ्याचं नाव नाही, ते कोळ्यांचं एक मोठं कूळ आहे. त्यात हजाराहून अधिक जाती आहेत. आपल्या सह्याद्रीतही या कुळातले कोळी राहतात. हे कोळी हवेत गोल जाळं विणत नाहीत. कुणी बिळात राहतो, कुणी झाडाच्या ढोलीत. दादाचा कोळी मादी होती. या जातीची मादी वीस वर्षांहून जास्त जगू शकते. नर मात्र वयात आला की पुढे साधारण वर्षभराचाच सोबती.

पाळायला अगदी सोपी. भुंकत नाही, फिरायला न्यावं लागत नाही. आठवड्याला एखादा रातकिडा आणि वाटीत पाणी. बास.

एकाचे चौसष्ट कसे झाले?

सहा महिन्यांनी कॉल केला तर मागच्या फळीवर चार पेट्या दिसल्या. वर्षभराने एकोणीस झाल्या. तिसऱ्या वर्षी चौसष्ट! एक खोली फक्त कोळ्यांची. वहिनी त्या खोलीत पाऊल ठेवायच्या नाहीत.

मी त्याला विचारायचे, "अरे दादा, सगळे कोळीच ना? एक पाहिला काय आणि चौसष्ट पाहिले काय!" तेव्हा तो हसायचा. पण पुढे त्यानेच मला यातली गंमत नीट उलगडून सांगितली. पालकांनी ती समजून घेण्यासारखी आहे, कारण कोणत्याही छंदाचा हव्यास असाच होतो.

पहिलं कारण, हे सोपं असतं. चौसष्ट कुत्री कुणी पाळू शकत नाही. पण कोळ्याची पेटी लहान, खर्च थोडा, काम थोडं. 'आणखी एकाने काय फरक पडतो?' हे प्रत्येक वेळी खरंच असतं. म्हणून थांबायची वेळ कधी येतच नाही.

दुसरं कारण ऐकून मला आश्चर्य वाटलं. टॅरँटुला दिवसचे दिवस काहीच करत नाही. बिळात राहणारी जात असेल तर महिनोन् महिने नुसत्या मातीने भरलेली पेटी बघायची! कात टाकायची वेळ आली की कित्येक आठवडे खाणंही बंद. मग माणसाच्या उत्साहाने जायचं कुठे? तो पुढचा कोळी शोधायला लागतो. दादा म्हणाला, "कोळी आठवड्यातून एकदा खातो गं, पण माझी भूक रोजची होती."

तिसरं कारण पिल्लांचं. पिल्लं डाळीच्या दाण्याएवढी असतात, मोठ्या कोळ्यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात आणि फार सावकाश वाढतात. त्या वयात नर की मादी, हे कळत नाही. ते कळायला कोळी थोडा मोठा व्हावा लागतो. मग त्याने टाकलेली कात भिजवून, उलगडून, आतून बारकाईने बघायची. मादी मिळावी म्हणून लोक एकाच जातीची तीन-चार पिल्लं घेऊन ठेवतात. म्हणजे हवा असतो एक, येतात चार.

आणि चौथं कारण म्हणजे यादी. दादाने वही केली होती. लॅटिन नावं, पुढे चौकट. कोळी आला की चौकटीत बरोबरची खूण. "खरं सांगू का, मी कोळी विकत घेतच नव्हतो. मी त्या खुणा विकत घेत होतो," असं तो म्हणाला. पार्सल उघडताना जो आनंद व्हायचा, तो दोन दिवसांत ओसरायचा. मग पुन्हा वही.

निळा कोळी

मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा दादा भारतात आला. ऑपरेशन चालू असताना आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. दादाचं लक्ष सारखं मोबाईलमध्ये. मला वाटलं, ऑफिसचं काम असेल. सहज डोकावले तर स्क्रीनवर निळाशार कोळी आणि खाली लिलावाची वाढत जाणारी बोली. आत आईचं ऑपरेशन आणि बाहेर मुलगा बोली लावतोय. मी काही बोलले नाही. पण ते मनातून गेलंही नाही.

त्या निळ्या कोळ्याची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. तो आहे आपल्याच देशातला, आंध्र प्रदेशातला. गुत्ती हे रेल्वेचं गाव. तिथे रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत सापडलेल्या एका नमुन्यावरून पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे शंभरेक वर्षं अभ्यासकांना तो निसर्गात दिसला नाही. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात तो पुन्हा सापडला. जुन्या झाडांच्या ढोलीत राहतो, आणि त्याचं जंगल फार थोडं उरलं आहे. नामशेष होण्याचा अतिशय गंभीर धोका असलेल्या प्राण्यांमध्ये आज त्याची गणना होते. आणि परदेशात मात्र तो घराघरांतल्या पेट्यांत आहे!

दादाकडचे कोळी बंदिस्त जागेत पैदास केलेले होते, रीतसर घेतलेले होते. पण हव्यासाचा बाजार एवढ्यावर थांबत नाही. लाल गुडघ्यांचे कोळी मेक्सिकोतून इतके उचलले गेले की १९८५ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणावं लागलं. २०१९ मध्ये मनिलाच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांना पोलंडहून आलेल्या ओट्स आणि बिस्किटांच्या डब्यांत ७५७ जिवंत टॅरँटुला सापडले. २०२१ मध्ये चेन्नईतही पोलंडहून आलेलं टपालाचं पार्सल पकडलं, त्यात छोट्या छोट्या कुप्यांत १०७ जिवंत कोळी होते. म्हणजे कुणाच्या तरी वहीतल्या चौकटी आपल्या देशातही भरल्या जात आहेत.

आणि माझा वर्ग

आता माझी चूक सांगते. मी चौथीला शिकवते. सह्याद्रीच्या पायथ्याशी आमची छोटी जिल्हा परिषद शाळा. परिसर अभ्यासात मुलांना रस वाटावा म्हणून मी 'निसर्ग संग्रह स्पर्धा' ठेवली. नियम एकच : आठवड्याभरात जो सर्वांत जास्त वस्तू आणेल त्याला कंपासपेटी. पानं, पिसं, बिया, दगड यांनी वर्ग भरून गेला. मी फोटो काढले, शिक्षकांच्या ग्रुपवर टाकले, भरपूर अंगठे मिळाले.

वर्गात एक मुलगा आहे. अबोल, लिहायला कंटाळा करणारा. शेवटच्या दिवशी तो पिशवी घेऊन आला. आत औषधाच्या बाटल्या, कुंकवाच्या डब्या, प्लॅस्टिकचे डबे. प्रत्येकात एक कोळी. एकूण अकरा. सगळी मुलं गोळा झाली. तो कधी नव्हे ते मोठ्याने बोलला, "बाई, अकरा आहेत. मेलेले पण मोजायचे ना?"

अकरापैकी सात मेलेले होते. आणि मी काय केलं असेल? सगळे मोजले. त्याला पहिलं बक्षीस दिलं.

रात्री मी कौतुकाने दादाला ही गोष्ट सांगितली. मला वाटलं, त्याला आनंद होईल, घराण्यात आणखी एक कोळीवाला! दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बक्षीस तू कशाला दिलंस गं? कोळ्यांना की आकड्याला?"

त्या रात्री तो पहिल्यांदा मोकळेपणी बोलला. क्रेडिट कार्डावरचं कर्ज वहिनींपासून लपवलं होतं. मुलीच्या पोहण्याच्या क्लासचे पैसे दोनदा भरले नव्हते. आणि ऑपरेशनच्या वेळचा तो लिलावही त्यानेच काढला. म्हणाला, "तो निळा कोळी मला मिळाला. घरी आला तेव्हा मी पेटी फळीवर ठेवली आणि पुढचं नाव शोधायला बसलो. त्याच्याकडे मी धड बघितलंही नाही."

मला झोप लागली नाही. मेलेले कोळी मोजायला त्या मुलाला मीच शिकवलं होतं.

सोळा नंबरचा कोळी

काय करावं याचा विचार करताना मला ऑस्ट्रेलियातली एक गोष्ट सापडली. बार्बरा यॉर्क मेन नावाच्या संशोधक बाईंनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका राखीव जागेत १९७४ मध्ये बिळात राहणाऱ्या कोळ्यांचा अभ्यास सुरू केला. हे टॅरँटुलाचे दूरचे नातेवाईक. बिळाला झाकण करून आत राहतात. बाईंनी बिळांजवळ क्रमांकाच्या खुणा लावल्या आणि वर्षानुवर्षं त्या जाऊन बघत राहिल्या. त्यातली १६ नंबरची मादी २०१६ पर्यंत त्याच बिळात राहिली. ४३ वर्षं! तोवर इतक्या वयाच्या कोळ्याची नोंद जगात कुठेच नव्हती. गांधीलमाशीच्या जातीतल्या कीटकाने तिच्या बिळाचं झाकण भेदलेलं आढळलं आणि तिथे ही गोष्ट संपली.

त्या कोळ्याला कुणी पेटीत ठेवलं नव्हतं. एका बाईने एका बिळाकडे आयुष्यभर पाहिलं, एवढंच.

मी वर्गात ही गोष्ट सांगितली आणि मुलांची माफी मागितली. स्पर्धेचा नियम चुकला, असं स्पष्ट सांगितलं. मग पावसाळा सरता सरता नवा उपक्रम घेतला : 'एक कोळी, एक महिना'. प्रत्येकाने शाळेच्या किंवा घराच्या परिसरात एकच कोळी निवडायचा. पकडायचा नाही, हात लावायचा नाही, जाळं मोडायचं नाही. रोज पाच मिनिटं बघायचं आणि वहीत तारीख, वेळ, काय दिसलं आणि मला पडलेला प्रश्न, एवढंच लिहायचं.

सगळं छान छान झालं, असं नाही बरं का! चौथ्या दिवशी अर्धा वर्ग कंटाळला. दोघांनी घरी बसूनच नोंदी ठोकून दिल्या. पण काही वह्या मी जपून ठेवल्या आहेत. एकीने लिहिलं, "तो जाळ्यात डोके खाली करून का बसतो?" एकीचा कोळी कुंभारीण माशीने उचलून नेला, तेव्हा ती रडली. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या खिडकीच्या कोपऱ्यात त्या माशीचं मातीचं घर मुलांनीच शोधून काढलं.

आणि आमचा अकरा कोळीवाला? त्याने पाण्याच्या टाकीजवळचा कोळी निवडला. चार दिवस त्याच्या वहीत एकच वाक्य : "आज काही केले नाही." पाचव्या दिवशी लिहिलं होतं, "आज पण काही केले नाही. पण मी बघितले." दोन आठवड्यांनी तो धापा टाकत आला. "बाई, माझा मेला!" जाऊन बघितलं तर जाळ्यात पोकळ कात लटकत होती आणि वरच्या कोपऱ्यात कोळी, ताजा, फिकट रंगाचा. त्याने तो अर्धा तास बघितला. त्या दिवशी त्याने पाऊण पान लिहिलं. चौथीच्या वर्षातलं त्याचं सर्वांत मोठं लेखन तेच.

पालकांसाठी

मुलं जमवणारच. कार्ड, स्टिकर, खडे, गाड्या. जमवणं वाईट नाही, त्यातूनच वर्गीकरण आणि गणित येतं. फक्त अधूनमधून तीन प्रश्न विचारून बघा. 'यातल्या एकाबद्दल मला काहीतरी सांगशील?' 'नवीन आणल्यावर जुन्याकडे शेवटचं कधी बघितलंस?' आणि 'हे कुणापासून लपवावंसं वाटतं का?' पहिल्याचं उत्तर भरभरून आलं तर छंद निरोगी आहे. तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर ओरडू नका, जवळ बसा. आणि आपण शिक्षकांनी 'सर्वांत जास्त' या शब्दाला बक्षीस देणं थांबवू या. मी थांबवलं आहे.

दादाने कर्ज वहिनींना सांगितलं. भांडण झालं, पण घर सावरलं. बहुतेक कोळी त्याने जाणकारांना देऊन टाकले. आता पाच आहेत. निळा त्यात नाही. पहिली लाल गुडघ्यांची अजून आहे, आणि कदाचित पुढची दहा-बारा वर्षंही असेल. यादीची वही दादाने मुलीला दिली. तिने मागच्या कोऱ्या पानांवर त्या एकाच कोळ्याने कात कधी कधी टाकली, त्याच्या तारखा लिहायला घेतल्या आहेत.

परवा कॉलवर मावशीने स्वतःहून विचारलं, "ती बरी आहे ना रे? खाल्लं का तिने?"