तीन सेकंदांची उसंत

संध्याकाळी साडेसातच्या बॅचला इंग्लिश स्पीकिंगच्या वर्गात येणाऱ्या माणसांचा अर्धा जीव दिवसाने आधीच घेतलेला असतो. कुणी पोळ्या करून, झाकून ठेवून आलेली असते, कुणी दुकानाची चावी धाकट्याकडे देऊन, तर कुणाच्या गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र लटकत असतं. खाली झेरॉक्सचं दुकान, वर ट्यूबलाइट, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि फळ्यावर 'डू, डज, डिड'. असा वर्ग मागच्या खुर्चीवरून पाहणाऱ्याची नजर साहजिकच शिकवणाऱ्यावर जाते. उच्चार कसे आहेत, व्याकरण पक्कं आहे का, वर्गाला हसवता येतं का? माझ्या मते पाहायची गोष्ट निराळी आहे. प्रश्न विचारला गेला, एखाद्या बाई उत्तराला उभ्या राहिल्या, की पुढच्या दोन-तीन सेकंदांत काय होतं तेवढं पाहावं. बोलणं त्या शांततेत घडतं, आणि पुष्कळदा नेमकी तीच शांतता शिकवणाऱ्याला सोसवत नाही.

ती शांतता रिकामी नसते. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याआधी मराठी शाळेत शिकलेल्यांना हा विषय पाचवीत भेटला, तोही बहुतेक वहीपुरता: स्पेलिंग, गाळलेल्या जागा, भाषांतर, 'वाक्य नकारार्थी करा'. त्यामुळे आज पन्नाशीत वर्गाला आलेल्या माणसापाशी शब्द असतात, नियमही असतात. तोंडाला सवय नसते, एवढंच. त्यात मराठी वाक्य बोलणाऱ्याला फार सांभाळून घेतं. 'तू काल बाजारात गेली होतीस' इथवर येऊनही, हे सांगायचंय की विचारायचंय, ते ठरवायला सवड असते. शेवटी 'का' जोडला की झाला प्रश्न. इंग्रजीत ही सवलत नाही. 'डू' की 'डिड' हे ठरवूनच तोंड उघडावं लागतं. गप्प दिसणाऱ्या बाई मनात वाक्याची अशी उलथापालथ करत असतात. तेवढ्यात सर 'यस, आय वेंट टू…' म्हणून अर्धं वाक्य पुरवतात, बाई 'मार्केट' जोडतात, सगळ्यांना हायसं वाटतं. वाक्य झालं सरांचं, हजेरी लागली बाईंची.

मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतली ही उसंत मोजली. प्रश्न विचारून शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत. तीच उसंत तीन सेकंदांवर गेली की उत्तरं लांबत, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागत. ते वर्ग मुलांचे होते आणि विषय विज्ञान होता, हे खरं. पण परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्या प्रौढाला त्याहून कमी वेळ पुरेल असं कशावरून मानायचं? 'इंग्लिश विंग्लिश' या २०१२च्या चित्रपटातली शशी गोडबोले न्यूयॉर्कच्या कॅफेत कोसळते ती केवळ शब्द नाहीत म्हणून नव्हे. काउंटरपलीकडची बाई थांबायला तयार नसते आणि मागे रांग खोळंबलेली असते.

मग कुणी म्हणेल, जग असंच आहे, बँकेत आणि मुलाखतीत कोण थांबतं? खरं आहे. पण टू-व्हीलर शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी मंडईच्या गर्दीत कुणी सोडत नाही. वेग येतो तो स्वतःची वाक्यं स्वतः पूर्ण केल्याने. दुसऱ्याने पुरवलेल्या वाक्यांवर तो येत नाही. दुसरी तक्रार शिकणाऱ्यांचीच असते: 'मॅडम, चुकलं की लगेच सांगा, फी त्याचीच भरलीय.' ही मागणी रास्त आहे, आणि चूक सुधारूच नये असं माझं म्हणणं नाही. मात्र रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांविषयी १९९७ साली जे प्रसिद्ध केलं, ते इथे ध्यानात घ्यावं. शिक्षकांच्या निम्म्याहून अधिक दुरुस्त्या म्हणजे विद्यार्थ्याचं वाक्य आपणच बरोबर करून म्हणून दाखवणं, आणि त्याच दुरुस्तीला विद्यार्थ्यांकडून सर्वांत कमी प्रतिसाद मिळाला. पुन्हा विचारलं, खुणावलं, थोडं अडवलं की ती मुलं आपली चूक आपण सुधारत. हीही मुलंच, पण तयार उत्तर कानावरून जाऊ देण्याची कला मोठ्यांना अधिकच साधलेली असते!

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. वीस-पंचवीस माणसांसमोर तीन सेकंद उभं राहणं ही काहींना शिक्षाच वाटते. घरी सासूबाई म्हणून मान असलेल्या, कचेरीत सह्या करणाऱ्या माणसाला तर फारच. हे मान्य करायलाच हवं, आणि म्हणून नुसतं थांबून भागत नाही. आधी दोघादोघांत बोलू द्यावं लागतं. हिशोबही तेच सांगतो. तासाभराच्या वर्गात सर अर्धा वेळ बोलले, तर पंचवीस जणांना एकेक करून सव्वा मिनिटही मिळत नाही. जोड्या केल्या की त्याच अर्ध्या तासात प्रत्येकाला पंधरा मिनिटं मिळतात. वर्गात गलका होतो, खालचा झेरॉक्सवाला वर येऊन पाहतो, आणि 'इथे शिकवतात की गप्पा मारतात' असं एखादे काका पुटपुटतात. पुटपुटू द्यावं.

तेव्हा फी भरण्याआधी डेमो लेक्चरला जरूर बसा. सरांच्या उच्चारांकडे, भिंतीवरच्या 'साठ दिवसांत फाडफाड इंग्रजी'कडे फार लक्ष देऊ नका. कुणी अडखळलं की सर किती वेळ गप्प राहतात तेवढं घड्याळात बघा. लगेच वाक्य पुरवणारे असतील, तर दुसरा क्लास शोधा.